धन्य तो मूर्खपणा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि दशक संपवताना पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. त्यांच्या जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षं, 1511 साली, इरॅस्मस या डच पंडिताचं मूर्खपणाची स्तुती करणारं पुस्तक युरोपात प्रसिद्ध झालं. त्यात मूर्खपणा ही एक बाई आहे. ती व्यासपीठावर उभी राहून स्वतःची थोरवी गाते आणि सांगते, की बालपण सगळ्यांना हवंहवंसं वाटतं ते माझ्यामुळे. रामदासांची यादी बाजारात, कचेरीत, चारचौघांत जपून वागण्यासाठी मोलाची आहे. पण ज्या घरात दोन लहान भावंडं आहेत, त्या घराने वर्षातले काही दिवस तरी इरॅस्मसच्या बाईच्या हवाली करावेत, असं माझं ठाम मत आहे.

मला ज्या मूर्खपणाचं गुणगान करायचं आहे, तो अगदी साधा आहे. कामाचा भरलेला दिवस सोडून द्यायचा आणि पोरांसोबत घरात बसायचं. काही शिकवायचं नाही, काही साधायचं नाही, कुणाचा न्याय करायचा नाही. संध्याकाळी कुणी विचारलं, "आज काय केलं?" तर सांगण्यासारखं काही हाती नसावं. शेजारीपाजारी, नातेवाईक आणि वरिष्ठ याला वेळ वाया घालवणं म्हणतील. त्यांना म्हणू द्यावं. भावंडांचं एकमेकांशी पटू लागतं ते याच वाया गेलेल्या वेळात. ते शिकवून येत नाही, बक्षिसाने येत नाही आणि दटावून तर अजिबात येत नाही.

असा दिवस पुण्यात बहुधा जुलैत उगवतो. हवामान खात्याने घाटमाथ्याला रेड अलर्ट दिलेला असतो, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केलेली असते आणि पालकांच्या ग्रुपवर निरोप येईपर्यंत डबे भरून झालेले असतात. आमच्याकडे थोरली सात वर्षांची, दुसरीत. धाकटा चार वर्षांचा, छोट्या गटात. शिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. अशा वेळी शहाणी माणसं सकाळी आठलाच दिवसाची आखणी करतात: नऊ ते दहा शुद्धलेखन, दहा ते अकरा अबॅकस, मग चित्रकला, मग अर्धा तास टॅब. मूर्ख माणूस कचेरीत कळवून रजा टाकतो, चहा घेतो आणि खिडकीशी बसतो.

पहिला तास जड जातो, कारण मुलं येऊन "कंटाळा आला" म्हणतात. इथे मूर्खपणाची पहिली कसोटी लागते. शहाणा पालक कंटाळ्यावर ताबडतोब इलाज करतो, काहीतरी काढून देतो, लावून देतो. मूर्ख पालक "हो का?" म्हणतो आणि पाऊस बघत राहतो. कंटाळलेल्या मुलाला मोठं माणूस काही देत नाही, असं कळलं की ते आपसूक आपल्या भावंडाकडे वळतं. घरात त्याच्या उंचीचं दुसरं कुणी नसतं. भावंडांच्या मैत्रीची सुरुवात अशी नाइलाजाने होते आणि ती तशीच व्हायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदवला आहे, एकतिसाव्या कलमात. भारताने तो करार 1992 साली स्वीकारला. म्हणजे मोकळा वेळ ही मुलांना दाखवलेली मेहेरबानी नाही. तो त्यांचा आहे आणि वेळापत्रक लावून आपण तो काढून घेत असतो.

आमच्याकडे अशाच एका दिवशी, थोड्या वेळाने दिवाणाची एसटी झाली. स्वारगेट ते कोल्हापूर. धाकट्याच्या हातात परात, ते स्टिअरिंग. थोरलीच्या हातात टीव्हीचा रिमोट, ते तिकिटाचं मशीन. स्टीलचा पेला आणि चमचा ही घंटी: एक ठोका पडला की गाडी थांबणार, दोन पडले की निघणार. आजी उंब्रजला उतरणार होत्या, मी कोल्हापूरपर्यंत. थोरलीने गंभीरपणे मला अर्धं तिकीट दिलं, कारण बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, 2023 साली ती सवलत आली, हे तिला ठाऊक आहे. आजींना तिने वय विचारलं आणि अठ्ठ्याहत्तर ऐकल्यावर पैसे परत केले. पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना प्रवास फुकट, हेही तिला माहीत. शेजारच्या घरात याच वेळी एक मूल सामान्यज्ञानाची प्रश्नावली सोडवत होतं. त्याचं भलं होवो. पण नियम, सवलत, वय आणि पैसे यांचा हिशेब मुलांच्या डोक्यात कसा पक्का बसतो, हे त्या दिवाणावर दिसत होतं.

शिरवळच्या आधीच भांडण पेटलं. धाकट्याला मशीन हवं होतं. थोरली म्हणाली, "तुला वाचता येत नाही, तू तिकीट कसं देणार?" मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच त्याला तो फार लागला. परात खणखणत जमिनीवर गेली, तो रडायला लागला, ती "मी खेळतच नाही जा" म्हणून पाठ फिरवून बसली. मी आणि आजी प्रवासी होतो, प्रवाशांनी करावं तेच केलं, बसून राहिलो. आजींनी एवढंच विचारलं, "गाडी बंद पडली का हो?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरली उठली, पेल्यावर एक ठोका मारला आणि जाहीर केलं, "शिरवळला ड्यूटी बदलते. आता तू कंडक्टर, मी ड्रायव्हर. साताऱ्याला परत बदलणार." तो रडता रडता उठला, रिमोट हातात घेतला आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून तिकिटं दिली. तेव्हापासून प्रत्येक स्टँडवर ड्यूटी बदलत राहिली.

मी मध्ये पडले असते तर काय झालं असतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे. "दहा मिनिटं ती, दहा मिनिटं तो" असा निकाल लागला असता, मोबाइलवर गजर लावला गेला असता आणि गजराकडे डोळे लावून दोघं बसली असती. निकाल न्याय्य ठरला असता, पण तो माझा ठरला असता. शिरवळला ड्यूटी बदलण्याची युक्ती त्यांची होती. ती खेळातून आली, म्हणून तिने खेळ मोडला नाही, उलट पुढे नेला. दोघांपैकी कुणी हरलंही नाही. मोठ्यांच्या न्यायात एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं ठरवावं लागतं. मुलांच्या तडजोडीला तशी गरज नसते, त्यांना फक्त गाडी पुढे न्यायची असते.

म्हणून मूर्खाचं सर्वांत थोर लक्षण मी हे मानते, की तो "सुरुवात कुणी केली?" हा प्रश्न विचारत नाही. या प्रश्नाचं खरं उत्तर कधीच मिळत नाही. मिळते ती तक्रार, साक्ष, उलटतपासणी, आणि दोन्ही मुलं एकमेकांकडे बघायचं सोडून न्यायाधीशाकडे बघू लागतात. पुढच्या वेळी त्यांना भांडण मिटवायचं नसतं, जिंकायचं असतं. घरात न्यायाधीश हजर असेल तर भावंडं वकील होतात. न्यायाधीश खिडकीशी बसून पाऊस बघत असेल, तर त्यांना नाइलाजाने एकमेकांशी बोलावं लागतं.

या मूर्खपणालाही कुंपण आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. चावा, ओरबाडणं, डोक्यात काहीतरी घालणं, दार आपटून बोटं चिरडण्याचा धोका, हे दिसलं की क्षणात उठायचं आणि हात धरायचा, विचारत बसायचं नाही. प्रत्येक खेळात एकच मूल दबत असेल, रोज तेच रडत असेल, घाबरून दुसऱ्याच्या पुढे पुढे करत असेल, तर ते भांडण नव्हे, तो छळ आहे. तिथे गप्प बसणं हा गुन्हा. म्हणून मूर्खाने कान उघडे ठेवून मूर्ख व्हावं. रडण्याचा आवाज रागाचा आहे की भीतीचा, हे आईबापाला कळतं, आणि हातात मोबाइल नसेल तर लवकर कळतं.

मराठी घरांत एक वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारलं जातं: "तू मोठी आहेस ना, दे त्याला." दिसायला हे शहाणपण आहे, संस्कार आहे. माझ्या मते दोन भावंडांत कायमची अढी घालण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. थोरलीला त्यातून कळतं, की तिचा हक्क तिच्या वयाने खाल्ला. धाकट्याला कळतं, की रडलं की मिळतं. दोघांनाही कळतं, की आईचं प्रेम हे दुसऱ्याच्या वाट्याचं असतं. आणि थोरलं मूल मुलगी असेल तर हे वाक्य आणखी लांब पोचतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं होतं, की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर लहान भावंड असतं. त्यावर त्यांनी मुलींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचं भावंड पाळणाघरात उतरलं आणि ताई वर्गात बसली. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. पण त्यांचं हे साधं निरीक्षण आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही तितकंच लागू आहे: ताईला ताई राहू द्या, तिची आई करू नका. तिच्यावर भावाला सांभाळण्याचं काम लादलं की ती त्याच्याशी खेळायची थांबते, त्याच्यावर देखरेख करू लागते.

लादलं नाही तर ती स्वतःहून काय करते, ते पाहण्यासारखं असतं. आपल्या गल्लीतल्या, वाड्यातल्या, चाळीतल्या मुलांनी मिळून एक थोर संस्था घडवली आहे, ती म्हणजे लिंबूटिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, त्यालाही पळू द्यायचं, पण तो बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. कुठल्या बालमानसतज्ज्ञाने हा नियम सुचवला नाही, कुठल्या शाळेत तो लिहिलेला नाही. तो मुलांचा आहे. त्यात दया आहे पण अपमान नाही, आणि लहानग्याला बहुतेक वेळा ठाऊकही नसतं की आपण लिंबूटिंबू आहोत. दुर्बलाला वगळायचं नाही आणि त्याच्यासाठी खेळही थांबवायचा नाही, हा पेच मोठ्यांच्या संस्थांना अजून नीट सुटलेला नाही. लगोरी आणि डबा ऐसपैस खेळणाऱ्यांनी तो केव्हाच सोडवला आहे.

दुपारी लपाछपी झाली. धाकटा पडद्यामागे लपला. पडदा गुडघ्यापर्यंत, खाली दोन पाय स्पष्ट दिसत होते आणि पडद्यामागून हसण्याचा आवाज येत होता. थोरलीने दहापर्यंत अंक म्हटले, डोळे उघडले, सरळ त्या पायांकडे पाहिलं आणि मग मोठ्याने म्हणाली, "कुठे गेला बरं हा? कपाटात तर नाही?" तिने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "मला नाही बाई दिसला." पडद्यामागचं हसणं वाढत गेलं. शेवटी त्यालाच राहवेना, तो बाहेर धावला आणि भिंतीला हात लावून "भोज्जा!" म्हणून ओरडला.

या खेळात किती अवघड गोष्ट घडली, ते जरा थांबून पाहायला हवं. थोरलीला तो दिसत होता. पण तो आपल्याला दिसत नाही असं त्याला वाटतंय, हेही तिला कळत होतं. त्याच्या चुकीच्या समजुतीत शिरून ती त्याच्या बाजूने खेळत होती. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे कळणं म्हणजे माणूस होण्यातला मोठा टप्पा, आणि तो साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येतो. मानसशास्त्रज्ञ योसेफ पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भावंडं असलेल्या मुलांना हे एकुलत्या एक मुलांपेक्षा लवकर उमगत असल्याचं दिसलं. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच म्हटलं, की ही समज भावंडांकडून लागण झाल्यासारखी येते. धाकट्याची लागण अजून पुरी झालेली नाही, त्याला आपले पाय दिसत नाहीत. पण येत्या वर्षात कधीतरी तो पाय आत घेईल, आणि त्याला ते शिकवणारी बहिणीखेरीज कुणी नसेल.

त्याच्याही आधी, केंब्रिजमध्ये जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधक बायकांनी याहून साधी गोष्ट केली. दुसरं मूल होऊ घातलेल्या 40 कुटुंबांच्या घरी त्या जाऊन बसल्या, वही उघडली आणि घरात जे चालतं ते लिहून घेतलं. त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. ज्या घरांत आई थोरल्या मुलाशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होती, त्याला भूक लागली असेल का, तो का रडतोय, त्याला काय हवं असेल, अशी थोरल्याबरोबर चर्चा करत होती, त्या घरांतली भावंडं पुढच्या काळात एकमेकांशी जास्त जिव्हाळ्याने वागत होती. बाळाशी बाळासारखं बोलणं सगळ्यांना जमतं. बोलू न शकणाऱ्या जिवाच्या मनात काय चाललं असेल, याचा तीन वर्षांच्या मुलाशी गंभीरपणे खल करत बसणं, हे बघणाऱ्याला खुळेपणाचं वाटतं. त्या खुळेपणाचं फळ एवढं मोठं आहे.

आणि गंभीर राहणं हे या मूर्खपणाचं प्राणतत्त्व आहे. चार वाजता भातुकलीतला कप माझ्यापुढे आला. आत काही नव्हतं. धाकटा म्हणाला, "गरम आहे, फुंकर मार." मी फुंकर मारली, घोट घेतला, साखर कमी आहे म्हणाले. तो परत गेला, थोरलीला सांगितलं, तिने डब्यातून नसलेली साखर काढून नसलेल्या चहात ढवळली. अशा वेळी जो पालक गालात हसतो, किंवा फोन काढून व्हिडिओ घेतो, तो त्यांच्या जगाबाहेर गेला. मुलांना ते लगेच कळतं, मग ती चहा करायचं सोडून कॅमेऱ्यासाठी चहा करू लागतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी 1933 साली खेळाबद्दल दिलेल्या व्याख्यानात जेम्स सली या मानसशास्त्रज्ञाने नोंदवलेलं एक उदाहरण सांगितलं होतं. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ठरवतात, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू. खऱ्या आयुष्यात त्या बहिणी आहेतच, पण तिकडे त्यांचं लक्ष नसतं. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचा नियम होतो. त्या हात धरून चालतात, सारखे कपडे घालतात, बाकीचे ते वेगळे आणि आपण दोघी एक, असं एकमेकींना सांगतात. नातं जन्माने मिळतं खरं, पण ते आपलं आहे हे मुलांना खेळात कळतं. भाऊबीजेला ओवाळणं आणि राखी बांधणं हीसुद्धा त्याच खेळाची मोठ्यांनी जपलेली रूपं आहेत. वर्षातून दोनदा आपण मोठी माणसं पाटावर बसून भाऊ-बहीण खेळतो, आणि म्हणून ते नातं टिकतं.

घरात पसारा झाला होता. परात दिवाणाखाली, उशा दारात, चुरमुरे सतरंजीवर, आजींचा चष्मा कंडक्टरच्या नाकावर. शहाणी माणसं खेळ चालू असताना मागून आवरत जातात. मी आवरलं नाही. पसारा ही खेळाची वही असते. कराडला आलेली गाडी जेवणानंतर कराडहूनच निघायची असेल तर उशा जागेवरच राहायला हव्यात. रात्री झोपण्याआधी आम्ही तिघांनी मिळून आवरलं, तेव्हा "हे मी ठेवतो, ते तू ठेव" अशी वाटणी मुलांचीच होती.

महाराष्ट्राने भावंडांचं प्रेम फार उंचावर नेऊन ठेवलं आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही आपली आद्य भावंडं. आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेली. त्यांच्याबद्दलच्या आख्यायिका मी मुलांना सांगते तेव्हा मला जाणवतं, की त्या सगळ्या खेळाच्या आहेत. मुक्ताईला मांडे करायचे असतात, खापर मिळत नाही, तर ज्ञानदेव आपली पाठ पुढे करतात. चांगदेव वाघावर बसून भेटायला येतात, तर चौघं भावंडं ज्या भिंतीवर बसलेली असतात ती भिंतच चालवत सामोरी जातात. दिवाणाची एसटी करणाऱ्या मुलांना या गोष्टीत नवल वाटत नाही. भिंत का चालली, हे त्यांना विचारावंच लागत नाही. आणि ज्ञानदेव रागावून दार लावून बसतात तेव्हा ते उघडायला लावते ती सगळ्यांत धाकटी मुक्ता. ताटीचे अभंग म्हणजे धाकट्या बहिणीने थोरल्या भावाची काढलेली समजूत. त्या घरात मध्यस्थी करायला आईबाप नव्हते. चौघांनी ते काम आपसांत वाटून घेतलं.

आपण आईबाप आहोत, म्हणून आपल्याला आपण नसण्याचा सराव करायला हवा. माणसाच्या आयुष्यात सर्वांत लांब चालणारं नातं बहुधा भावंडांचं असतं. आईबाप मध्येच जातात, जोडीदार नंतर येतो, मुलं त्याहून नंतर. आजारपणात रात्री दवाखान्यात कोण बसणार, आईला कोण ठेवून घेणार, गावाकडचं घर विकायचं की दुरुस्त करायचं, हे सगळं एक दिवस या दोघांना ठरवायचं आहे, आणि तेव्हा "दे त्याला" म्हणायला मी नसेन. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. कायदा वाटा देतो. तो वाटा हसत द्यायचा की हक्कसोडपत्र पुढे करून बहिणीचं माहेर तोडायचं, हे कायदा शिकवत नाही. बांधावरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून, एका खोलीवरून वीस-वीस वर्षं न बोलणारे भाऊ आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांना शुद्धलेखन चांगलं येतं, पाढे पाठ आहेत, आणि त्यांच्या आईबापांनी त्यांच्यासाठी काही कमी केलेलं नाही.

त्यामुळे पुढच्या रेड अलर्टला शाळेचा निरोप आला की वेळापत्रक करू नका. शक्य असेल तर रजा टाका, नसेल तर संध्याकाळचे दोन तास टाका. लाडू एकच उरला असेल तर एकाला अर्धा करू द्या आणि दुसऱ्याला आधी उचलू द्या. भांडण झालं तर त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहा, पण हाक आल्याशिवाय जाऊ नका. रिकामा कप पुढे आला तर फुंकर मारून प्या. लोक याला मूर्खपणा म्हणतील. ही मुलं उद्या वाटणीला समोरासमोर बसतील, तेव्हा त्यांच्या उपयोगी पडेल ते याच मूर्खपणात शिकलेलं: दुसऱ्यालाही काही हवं असतं, ड्यूटी बदलता येते, आणि रडून झालं की उठून गाडी पुढे न्यायची असते.